मोकळा कान

(हवाई वाहतूक नियंत्रण केंद्र. शिफ्टप्रमुख बाईंची काचेची खोली. काचेपलीकडे रडारच्या पडद्यांची रांग. त्यांतल्या एका पडद्यासमोरच्या दोन्ही खुर्च्यांवर आता बदली माणसं बसली आहेत. मूळची माणसं दोन: जुने नियंत्रक, ज्यांना सारं केंद्र ‘मास्तर’ म्हणतं, आणि त्यांची तरुण सहकारी ‘चिमणी’. सध्या प्रमुखांसमोर एकटी चिमणी आहे.)

प्रमुख: ...आधी पाणी प्या.

चिमणी: मी ठीक आहे, मॅडम.

प्रमुख: ठीक असलेल्या माणसाचे दात ग्लासावर वाजत नाहीत. प्या. आणि मग सांगा. विमानांपासून नको, इमारतीत शिरलात तिथपासून.

चिमणी: सकाळी विशेष काहीच नव्हतं.

प्रमुख: मग विशेष नसलेलं सांगा. मला तेच हवंय.

चिमणी: फाटकावर ओळखपत्र दाखवलं. लिफ्टमध्ये सफाईवाल्यांच्या बादल्या होत्या म्हणून जिन्यानं आले. कपाटातून हेडसेट काढला, त्याच्या स्पंजवर स्पिरिटचा बोळा फिरवला. सगळे हसतात मला त्यावरून. पण माझा स्वतःचा दुरुस्तीला गेलाय, आणि या सामायिक सेटच्या मायक्रोफोनला आदल्या माणसाच्या कॉफीचा वास येतो. तो नाकाखालीच असतो ना दिवसभर... हे सांगू का?

प्रमुख: सांगा.

चिमणी: मास्तर माझ्या आधीच आले होते. खुर्ची खालीवर करत होते, रात्रीच्या माणसाचे पाय लांब आहेत म्हणून शिव्या घालत. मला म्हणाले, काय चिमणे, झोप झाली की नुसतीच पडून होतीस? रोज तेच विचारतात. मी त्यांच्या उजव्या हाताला बसले. त्यांचा हेडसेट डाव्या कानावर, उजवा कान माझ्यासाठी मोकळा. रोजच्यासारखं.

प्रमुख: आणि कामाची वाटणीही रोजचीच.

चिमणी: हो. वैमानिकांशी मास्तर बोलणार. शेजारच्या केंद्रांचे फोन मी घेणार आणि तोंडी त्यांना सांगणार. पूर्वेकडच्या केंद्राचा फोन आला, आमचं एक विमान वर चढतंय, तुमच्या हद्दीत शिरेल. त्याच वेळी मास्तर दुसऱ्या एकाला खाली उतरवत होते. मी म्हटलं, मास्तर, पूर्वेचं एक वर चढतंय, उतरणाऱ्याला आहे तिथेच थांबवा. त्यांनी मान हलवली. तेवढ्यात दुसरा फोन आला. मी तो घेतला.

प्रमुख: आणि त्यांनी थांबवलं नाही.

चिमणी: दोन्ही विमानं फार जवळ आली, पडदा लाल झाला. पलीकडच्या खुर्चीवरून कुणीतरी ओरडलंही. मास्तर दुसऱ्याच विमानाशी शांतपणे बोलत होते. मग मी त्यांची बाही ओढली. पुढचं तुम्हाला टेपवर ऐकू येईल. त्यांनी दोघांनाही असं वळवलं की... मॅडम, मी त्यांच्यासारखं कधीच करू शकणार नाही. आवाज जराही हलला नाही त्यांचा.

प्रमुख: टेप ऐकली मी. वैमानिकाचा शब्द टेपवर आहे, फोन टेपवर आहे. दोन खुर्च्यांमधलं बोलणं टेपवर नसतं.

चिमणी: नसतं.

प्रमुख: तुमच्या आधी मास्तर बसले होते या खुर्चीवर. ते म्हणतात, तुम्ही त्यांना काही सांगितलंच नाही.

चिमणी: ...असं म्हणाले?

प्रमुख: म्हणाले, पोरीला बोलायचं असेल, पण दुसरा फोन वाजला आणि राहून गेलं. चांगली आहे, रागावू नका तिला.

चिमणी: मी सांगितलं, मॅडम. म्हणजे... मला आठवतंय. शब्द आठवतात. पण शब्द तर मनात म्हटलेलेही आठवतात ना? मघाशी बाथरूममध्ये आरशासमोर मी तेच वाक्य म्हणून पाहिलं, तर मला कळेना की हे मी आज दुसऱ्यांदा म्हणतेय की पहिल्यांदा.

प्रमुख: हे वाक्य या खोलीबाहेर कुणाला ऐकवू नका. तुमचा परवाना नवा आहे.

चिमणी: जाईल का तो?

प्रमुख: एक विचारते. या एककानी हेडसेटबद्दल तुमचं मत काय?

चिमणी: हेडसेटबद्दल?

प्रमुख: संध्याकाळी मला वर कळवायचं आहे. जुने एककानी ठेवायचे की नवे दोनकानी आणायचे. नव्यात वैमानिक आणि शेजारचा माणूस, दोघंही तारेतूनच बोलतात, दोन्ही कानांत. सगळ्यांची मतं घेतेय. एकजण म्हणतो, जुन्यानं कानाची पाळी सोलवटते. एकजण म्हणतो, त्याची पट्टी टक्कल ओळखते आणि बरोबर तिथेच टोचते. आणखी एकाला वाटतं, मायक्रोफोनची दांडी सारखी गळते, म्हातारीच्या दातासारखी. या सेटबद्दल चांगलं बोलणारा माणूस मला अजून भेटला नाही. एक सोडून.

चिमणी: मास्तर.

प्रमुख: ते म्हणतात, सून आणि हेडसेट बदलायचे नसतात, सवय करायची असते. ते असू द्या. मी काय म्हणते ते कळतंय का? आज सकाळी हेडसेटमध्ये खरखर आली, म्हणून मास्तरांना तुमचं बोलणं ऐकू आलं नाही. तुम्ही सांगितलंत हेही खरं आणि त्यांनी ऐकलं नाही हेही खरं. दोघांपैकी एकाला खोटं ठरवण्यापेक्षा हेडसेटला दोष दिलेला बरा. त्याला बायकामुलं नाहीत.

चिमणी: खरखर आली होती?

प्रमुख: तुम्ही शेजारी होतात. तुम्ही सांगा. संध्याकाळपर्यंत.

*

मास्तर: ये. दार लाव. सरावाच्या खोलीत कुणी येत नाही या वेळी. बस अशी, माझ्या उजव्या हाताला.

चिमणी: तुम्ही सांगितलंत त्यांना, मी बोललेच नाही म्हणून.

मास्तर: जे झालं ते सांगितलं. आणि हेही सांगितलं की माणूस आहे, चुकतो. मी तुझ्या वयाचा असताना एका विमानाला दुसऱ्याच विमानाच्या नावानं हाक मारत होतो. तो बिचारा तरी उत्तर देत होता.

चिमणी: मला हसायला येत नाहीये, मास्तर. मी बोलले होते. तुम्ही मान हलवलीत.

मास्तर: मी दिवसभर मान हलवतो गं. वैमानिक बोलला की हलवतो. त्याला दिसत नाही हे माहीत असून हलवतो. बायको म्हणते, झोपेतसुद्धा हलवतोस.

चिमणी: म्हणजे ती मान माझ्यासाठी नव्हती?

मास्तर: तू बोलली असतीस तर तुझ्यासाठी असती. ऐक, भांडून काही हाती लागणार नाही. म्हणून तर इथे बोलावलं. जसं बसलो होतो तसं बसू, जसं बोललीस तसं बोल. तुझं तुलाच आठवेल. हा घातला हेडसेट. डाव्या कानावर, रोजच्यासारखा. तार कशाला जोडलेली नाही, कानात काही वाजत नाही. मी पडद्याकडे बघतो. हं.

चिमणी: मी तेव्हा तुमच्याकडे वळले नव्हते. दुसऱ्या फोनचा दिवा लागला होता, मी त्याच्याकडे बघत होते. तसंच बोलते. मास्तर, पूर्वेचं एक वर चढतंय, उतरणाऱ्याला आहे तिथेच थांबवा.

मास्तर: झाली तयारी? म्हण आता.

चिमणी: म्हटलं मी.

मास्तर: अगं, परीक्षा नाहीये ही. चुकलीस तरी चालेल.

चिमणी: मास्तर, मी आत्ताच म्हटलं. तेच वाक्य. तितक्याच आवाजात.

मास्तर: हे बघ, आठवत नसेल तर तसं सांग. मी रागावणार नाही. इथे आपण दोघंच आहोत.

चिमणी: मास्तर, माझं ऐकू येतंय का? मास्तर. मास्तर.

मास्तर: बाही का ओढतेस? अगं... अशी काय बघतेस? पांढरी पडलीस पार.

चिमणी: हेडसेट काढा.

मास्तर: काढला. बोल.

चिमणी: मी मघापासून बोलतेय. थांबलेच नव्हते.

मास्तर: ...हळू बोलली असशील.

चिमणी: आत्ता बोलतेय तसंच बोलले.

मास्तर: हा स्पंज जाड आहे. खोली बंद आहे, आवाज दबतो इथे.

चिमणी: स्पंज डाव्या कानावर होता, मास्तर. उजव्या कानावर काहीच नव्हतं.

मास्तर: ...थांब. मी डावा कान हातानं दाबून धरतो. तू बोल काहीतरी. काहीही बोल. शिवी दे हवी तर, इतकी वर्षं राहिली असेल एखादी.

चिमणी: मला तुमच्या शेजारी बसायची भीती वाटते.

मास्तर: बोललीस?

चिमणी: हात काढा. हो, बोलले.

मास्तर: काय म्हणालीस?

चिमणी: काही नाही.

मास्तर: शिवी होती?

चिमणी: त्याहून वाईट.

मास्तर: ...घरात पंखा आहे आमच्या. जुना, कुरकुरतो. गेले काही महिने डाव्या कुशीवर वळलो की तो बंद पडतो. मी उठून दिवा लावून बघायचो. पंखा चालूच. मुलगी म्हणते, बाबा, टीव्ही बारीक करा, शेजारचे येतील बातम्या ऐकायला. मी म्हणायचो, येऊ देत, बातम्या एकट्यानं ऐकून कंटाळतो.

चिमणी: तुम्हाला माहीत होतं?

मास्तर: पंख्याबद्दल माहीत होतं. कानाबद्दल विचार केला नव्हता. करायचा नाही म्हटलं की माणूस काय काय करत नाही. आणि केंद्रात कधी अडलंही नाही गं. वैमानिक चांगल्या कानात बोलतात. तुला काही सांगायचं असलं की माझ्याकडे वळतेस, डोळ्याच्या कोपऱ्यात तुझे ओठ दिसतात, मी ‘काय?’ म्हणत पुढे वाकतो. आपलं छान चाललं होतं.

चिमणी: आज मी वळले नाही.

मास्तर: आज तू वळली नाहीस. दोष नाही देत तुला. वळायचा नियम नाही. वैमानिकाला आपण सांगितलेलं तो परत म्हणून दाखवतो, तोवर आपण सोडत नाही त्याला. आणि शेजारच्या माणसाचं आपण नुसत्या मानेवर भागवतो.

चिमणी: विमानं भरलेली होती, मास्तर. दोन्ही.

मास्तर: मला माहीत आहे. वळवताना पहिल्याला मी काय म्हणालो ते तू ऐकलंस, सगळ्यांनी ऐकलं. त्यानंतर बाथरूममध्ये मी काय केलं ते कुणी ऐकलं नाही. मीही नीट ऐकलं नसेल म्हणा.

चिमणी: डॉक्टरांकडे जा.

मास्तर: जाईन. पण आधी माझं ऐक. बाई तुलाही म्हणाल्या असतील, दोष हेडसेटवर घाला म्हणून. मलाही म्हणाल्या. मघाशी मी नको म्हणालो, बिचाऱ्या हेडसेटनं काही केलं नाही. आता वाटतं, घालावं. वाईट काय आहे त्यात? तू सुटतेस. मी सुटतो. बाई सुटतात. दोनकानी सेट येतात. मग तू तारेतून बोलशील, सरळ माझ्या डाव्या कानात. वळायला नको, वाकायला नको. पुढची वैद्यकीय तपासणी येईपर्यंत एखादं औषधही लागू पडेल.

चिमणी: म्हणजे मी खरखर आली असं सांगायचं.

मास्तर: थोडीशी. खरखरीला कोण मोजतं?

चिमणी: आणि पडदा लाल झाल्यावर पलीकडून जे ओरडतात, ते कुणाच्या तारेतून येणार? तुम्हीच शिकवलंत मला. दोन्ही कान झाकून बसशील तर समोरचं दिसेल, खोली दिसणार नाही. खुर्ची सरकली, कुणाचा श्वास अडकला, कुणी अर्धं वाक्य सोडून गप्प झालं, तर मोकळ्या कानाला ते पडद्याच्या आधी कळतं. मी त्या कानाच्या भरवशावर बसते. आणि सगळे तुमच्यावर विसंबतात. तुम्ही दोनकानी चांगले म्हणालात की वीस माणसं आपले चांगले कान झाकून घेतील. तुमच्या एका वाईट कानासाठी.

मास्तर: बोलायला लागलीस की चिमणी वाटत नाहीस.

चिमणी: मी घाबरलेय हो. सकाळपासून मला वाटतंय मी वेडी झाले. आणि आता कळलं की नाही झाले, तर जास्त भीती वाटतेय. मी खरं सांगितलं तर तुम्ही जाल. नाही सांगितलं तर उद्या पुन्हा तुमच्या उजव्या हाताला बसायचं आणि प्रत्येक शब्दाला बघायचं की मान माझ्यासाठी हलली की कुणा वैमानिकासाठी.

मास्तर: मघाशी डावा कान झाकला होता तेव्हा काय म्हणालीस?

चिमणी: जाऊ द्या ना.

मास्तर: आता उघडा आहे. सांग.

चिमणी: तुमच्या शेजारी बसायची भीती वाटते, असं म्हटलं.

मास्तर: ...मी शिकवलेल्या कुणी मला हे आजवर म्हटलं नव्हतं. म्हटलं असेल तर उजव्या बाजूनं म्हटलं असेल.

चिमणी: मला माफ करा.

मास्तर: माफी कसली मागतेस? तुला माहीत आहे, वैमानिक घाबरला की शब्द नंतर बदलतात, आवाज आधी बदलतो. किंचित वर चढतो. मी वाक्य संपायच्या आत ओळखायचो. आयुष्यभर तेवढं एकच काम केलं मी, दुसऱ्याची भीती ऐकायची आणि आपला आवाज खाली ठेवायचा. दुसरं काही येत नाही मला. बाजारात गेलो तर सुटे पैसे चुकतो. ही खुर्ची गेली की घरात बसून पंखा बघायचा. मी घाबरलोय, चिमणे. ऐकू येतंय का?

चिमणी: येतंय.

मास्तर: कसा येतोय आवाज?

चिमणी: वर.

मास्तर: हं. चल मग. तू पुढे हो. नाही, एकत्रच जाऊ. एकटा गेलो तर वाटेत चहा प्यायला वळेन आणि तिथेच संध्याकाळ करीन.

*

प्रमुख: दोघं एकत्र आलात. बरं झालं. बसा. हेडसेटबद्दल काय ठरलं तुमचं?

मास्तर: एककानीच ठेवा, बाई.

प्रमुख: मास्तर, मी सकाळच्या खरखरीबद्दल विचारतेय.

मास्तर: खरखर नव्हती. सेट चांगला आहे. पट्टी टोचते हे खरं, तेवढी मऊ करून घ्या. दांडी गळते, तिचा स्क्रू बदला. पण दुसरा कान मोकळा ठेवा सगळ्यांचा. हे माझं मत. नीट कळवा वर.

प्रमुख: मग सकाळी काय झालं?

मास्तर: तिनं सांगितलं होतं. जे सांगायला हवं तेच, जेव्हा सांगायला हवं तेव्हाच. मला ऐकू आलं नाही.

प्रमुख: लक्ष नव्हतं?

मास्तर: लक्ष होतं. कान नव्हता. उजवा. आत्ता पलीकडच्या खोलीत पारखून आलो.

चिमणी: मॅडम, त्यांना स्वतःला...

मास्तर: तू थांब. तुझं काम झालंय.

प्रमुख: मास्तर, दार उघडं आहे. तुम्ही दमलेले आहात. हे वाक्य एकदा माझ्यासमोर आलं की मला ते मागे घेता येत नाही. तुमचा परवाना इथेच, याच टेबलावर थांबतो. मी आत्ता काही ऐकलं नाही असं धरते. घरी जा, झोपा, उद्या या.

मास्तर: बाई, ऐकू न येणारा एक पुरे आहे या खोलीत.

प्रमुख: ...मलाही तुम्हीच शिकवलंत. म्हणून म्हणतेय.

मास्तर: म्हणूनच ऐका. माझ्या खुर्चीवर बदली माणूसच राहू द्या. हिला दोन दिवस पडद्यापासून लांब ठेवा, शिक्षा म्हणून नव्हे. आणि मग लगेच बसवा. उशीर केलात तर भीती घर करते. तो फोन इकडे द्या.

प्रमुख: कुणाला करताय? वैद्यकीय कक्षाला मी कळवते. ती माझी जबाबदारी आहे.

मास्तर: तुम्ही कळवाल ते ‘एका नियंत्रकाबाबत’ म्हणून कळवाल. मीच करतो. नंबर लाव गं, चिमणे. माझी बोटं आज ऐकत नाहीत.

चिमणी: लागतोय. घ्या.

मास्तर: या बाजूनं दे, डावीकडून. हं. हॅलो, नियंत्रण केंद्रातून बोलतोय. कान तपासायचा आहे. हो, नियंत्रकाचा. कामावरून उतरवलाय, हो, आत्ताच. नाव मीच सांगतो, मीच आहे तो. नाही, उद्या सकाळी नको. आज तुमचं दार बंद व्हायच्या आत बोलवा. उद्यापर्यंत माझा विचार बदलेल.